सात मेगाहर्ट्झवरची शिट्टी

हौशी रेडिओवाल्यांच्या या महिन्याच्या पत्रांपैकी निम्मी तरी "व्हीएफओ काढून सिंथेसायझर टाकला आणि..." अशी सुरू होतात, आणि त्या 'आणि'च्या पुढे प्रत्येकाचं दुखणं वेगळं. (व्हीएफओ म्हणजे कॉइल-कपॅसिटरचा, हातानं फिरवायचा ऑसिलेटर; सिंथेसायझर म्हणजे एका क्रिस्टलवरून हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट.) सगळी घेता येणार नाहीत, जागा तेवढी नाही. सांगलीचं पत्र मात्र जरा ऐसपैस घेतो, कारण त्यातली चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिच्यापायी एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवलेली आहे.

प्रश्न (सांगली): सर, मी ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडचा सिंगल कन्व्हर्जन सुपरहेट (एकदाच मिक्स करून फ्रिक्वेन्सी बदलणारा) रिसीव्हर केलाय. ९ मेगाहर्ट्झच्या सहा क्रिस्टलचा लॅडर फिल्टर, मिक्सर डायोड रिंगचा, एलओ (स्टेशनला मिक्सरमध्ये ९ वर आणणारा लोकल ऑसिलेटर) आणि बीएफओ (त्या ९ वरून कानाला ऐकू येणारा आवाज काढणारा ऑसिलेटर) दोन्ही एका एसआय ५३५१ या सिंथेसायझर चिपच्या मॉड्यूलमधून, त्याला आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर. एलओ सिग्नलच्या वर म्हणजे १६ मेगाहर्ट्झला ठेवलाय. सकाळी स्टेशनं मस्त येतात. पण डायल ७.००२ च्या आसपास आला की एक शिट्टी वाजते ती अँटेना काढली तरी वाजतेच. नॅनोचा क्लॉकही १६ चाच म्हणून नॅनो बदलून पाहिला, काही फरक नाही. आता मॉड्यूल बदलू का?

उत्तर: बदलू नका, नवीन आणलंत तरी ते त्याच जागी ओरडणार. अँटेना काढून बघितलीत हे बाकी बेस्ट केलंत, निदान आवाज घरातलाच आहे हे नक्की झालं. आता कागद घ्या. मिक्सर बिचारा आंधळा असतो, त्याला बेरीज आणि फरक तेवढे कळतात, कोण वर आणि कोण खाली हे त्याला कळत नाही. १६ मधून ७ गेले ९, हे तुमचं स्टेशन. पण २५ मधून १६ गेले तरी ९ च राहतात, म्हणजे तुमच्या रिसीव्हरची इमेज (मागच्या दारानं येणारी, नको असलेली फ्रिक्वेन्सी) २५ मेगाहर्ट्झवर पडते. आणि ५३५१ च्या मॉड्यूलवर तो छोटा चकचकीत क्रिस्टल बसलेला आहे, तो कितीचा आहे? २५ चा! म्हणजे चोर घरातलाच, आणि तोही नेमका मागच्या दारासमोर झोपलेला.

याचं एक सोपं गणित आहे, कुठलंही डिझाइन करताना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: एलओ वर असेल तर ही शिट्टी डायलवर '२५ वजा बीएफओची दुप्पट' इथे पडते. तुमचा बीएफओ किती ते पत्रात नाही, पण एलएसबीसाठी (लोअर साइडबँड, म्हणजे आवाज कॅरियरच्या खालच्या बाजूला) तो फिल्टरच्या खालच्या कडेला असणार. समजा ८.९९८५, त्याची दुप्पट १७.९९७, २५ मधून वजा केले की ७.००३. इथे झीरो बीट (फरक शून्य, शिट्टी गायब), आणि डायल त्याच्या एक किलोहर्ट्झ खाली नेला की १ किलोहर्ट्झची शिट्टी, म्हणजे ७.००२. तुम्ही लिहिलेला आकडा बरोब्बर तोच.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, दोन टेस्ट करा. डायल वर न्या आणि कान द्या. खऱ्या स्टेशनच्या कॅरियरची शिट्टी डायल वर नेला की चढत जाते, ही मात्र उतरेल. इमेज कायम अशी उलटी चालते. दुसरी टेस्ट मला फार आवडते. सोल्डरिंग आयर्न त्या क्रिस्टलच्या जवळ धरा, लावू नका, नुसती धग लागू दे. बाहेरच्या स्टेशनचा सूर लगेच सरकायला लागेल पण ही शिट्टी ढिम्म हलणार नाही, कारण एलओ त्याच क्रिस्टलचा, बीएफओ त्याच क्रिस्टलचा आणि शिट्टीही त्याचीच, सगळे एकाच मापानं सरकतात आणि फरक तेवढाच राहतो. नॅनोचा क्लॉक दोषी असता तर त्याचा क्रिस्टल वेगळा, सूर नक्की हलला असता. माझ्या त्या दिवाळीत हे एवढं कळलं असतं तर फराळ तरी सुखानं झाला असता. शिट्टी इतकी स्थिर कशी काय म्हणून मी उलट कौतुक करत बसलो होतो.

आता उपाय. एलओ खाली घ्यावा असं पटकन वाटेल, म्हणजे ९ वजा ७, एलओ २ मेगाहर्ट्झ, आणि मिक्सरमधून बेरीज घ्यायची. थांबा. बँडच्या वरच्या टोकाला, ७.२०० ला, एलओ १.८०० होतो आणि १.८ ची पाचवी हार्मोनिक (पाचपट फ्रिक्वेन्सी) बरोबर ९.०००! ५३५१ स्क्वेअर वेव्ह देतो, त्याची पाचवी हार्मोनिक चांगली दणकट असते, ती सरळ आयएफमध्ये, म्हणजे ९ च्या मधल्या फ्रिक्वेन्सीत, घुसणार. म्हणजे ९ चा फिल्टर आणि २५ चा क्रिस्टल ही जोडी ४० मीटरला दोन्हीकडून वाईट, एकीकडे बँडच्या खालच्या टोकाला बर्डी (रिसीव्हरची घरचीच शिट्टी) आणि दुसरीकडे वरच्या टोकाला.

१२ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल घेऊन फिल्टर नव्यानं केलात तर एलओ ४.८ ते ५.० येतो, त्याच्या हार्मोनिक ९.६ ते १० आणि १४.४ ते १५, मधल्या १२ ला कोणी शिवत नाही. हैदराबादचे अशर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्स ४० या ट्रान्सीव्हरमध्ये १२ चीच आयएफ आहे. फक्त तिथे एलओ खाली असल्यामुळे साइडबँड उलटत नाही, तेव्हा बीएफओ फिल्टरच्या दुसऱ्या कडेला न्यावा लागेल, हे विसरून मग "सगळे बदकासारखे बोलतात" अशी पत्रं येतात. दुसरा मार्ग म्हणजे २५ ऐवजी २७ चा क्रिस्टल. चिपला दोन्ही चालतात. २७ वजा १८ म्हणजे ९ मेगाहर्ट्झ, शिट्टी बँडच्या बाहेर. पण मॉड्यूलवरचा तो एवढासा क्रिस्टल उपटून दुसरा बसवायचा तर हात स्थिर हवा, आणि कोडमध्येही क्रिस्टलचा आकडा बदलायचा.

फिल्टरला हात लावायचाच नसेल, सहा क्रिस्टल मॅच करण्यात जीव गेलेला असतो ते मला माहीत आहे, तर मॉड्यूल कॉपर क्लॅडच्या डबीत बंद करा, चारही बाजू आणि झाकण सोल्डर करून. बाहेर फक्त आरजी १७४ च्या पातळ कोअॅक्सनं यायचं. नुसती डबी पुरणार नाही, कारण २५ थोडंफार त्या क्लॉकच्या पिनवरूनही एलओसोबत चालत येतं, म्हणून एलओच्या वाटेत १८ मेगाहर्ट्झच्या आसपास कापणारा लो-पास फिल्टर टाका. शिट्टी शून्य होईल असं नाही, पण अँटेना लावल्यावर बँडच्या आवाजात बुडाली म्हणजे झालं. अजून एक, एलओ आणि बीएफओ शेजारशेजारच्या क्लॉक आउटपुटवर घेऊ नका, शून्य आणि दोन नंबर घ्या, मधला कोडमधून बंद करा. या चिपमध्ये शेजाऱ्याचं शेजाऱ्याला ऐकू जातं.

प्रश्न (नाशिक): मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, हॅमची परीक्षा द्यायची आहे. ५३५१ ला फ्रिक्वेन्सी सांगितली की लायब्ररी सगळं करते, पण आत काय होतं ते हातानं करून बघायचंय. आणि माझ्या स्वतःच्या कोडमध्ये १ हर्ट्झची स्टेप ठेवली तर डायल कधी हलतच नाही, कधी दोन पावलं एकदम उडी मारतो. डायलचा एन्कोडर खराब आहे का?

उत्तर: एन्कोडर चांगला आहे मॅडम, गणित गळतंय. आधी हातानं करू. चिपच्या आत एक ऑसिलेटर आहे तो ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्येच चालतो. क्रिस्टलच्या २५ ला कशानं तरी गुणून तिथपर्यंत न्यायचं आणि मग कशानं तरी भागून खाली आणायचं, बस एवढंच. डायल ७.१०० आणि बीएफओ ८.९९८५, तर एलओ हवा १६.०९८५. खालचा भाजक ५० धरू. १६.०९८५ गुणिले ५० म्हणजे ८०४.९२५, हद्दीत बसलं. आता ८०४.९२५ भागिले २५ म्हणजे ३२.१९७, म्हणजे ३२ पूर्णांक १९७ छेद १०००, हे तीन आकडे रजिस्टरमध्ये. (थेट असेच नाही जात, डेटाशीटवाल्यांनी त्यांची थोडी खिचडी करून ठेवलीय, पण अर्थ हाच.) छेद १०,४८,५७५ पर्यंत घेता येतो, त्यामुळे लहानात लहान पाऊल २५ मेगाहर्ट्झ भागिले तेवढे, भागिले ५०, म्हणजे साधारण अर्धा हर्ट्झ.

५० च का, तर सम आणि पूर्ण आकडा असला की खालचा भागाकार स्वच्छ होतो, अपूर्णांक सगळा वरच्या गुणाकाराच्या लूपमध्ये, म्हणजे पीएलएलमध्ये, राहतो आणि जिटर (सुराची थरथर) कमी. आणि ७.० ते ७.२ अख्ख्या बँडला हाच ५० पुरतो, साधारण ८०० ते ८१० मध्ये सगळं मावतं, म्हणून ट्यून करताना फक्त वरचा ३२ च्या आसपासचा आकडा एवढंच बदलायचं. काही जण दर पावलाला पीएलएल रिसेट मारतात आणि मग दर पावलाला स्पीकरमध्ये 'टक' होतो म्हणून तक्रार करतात. रिसेट सुरुवातीला एकदा. बीएफओला दुसरी पीएलएल द्या: ८.९९८५ गुणिले ८० म्हणजे ७१९.८८, भागिले २५ म्हणजे २८.७९५२, आणि त्याला परत हात लावू नका.

आता उडीचं कारण. नॅनोवर 'डबल' लिहिलंत तरी तो चार बाइटचा 'फ्लोट'च असतो, सात आकडी अचूकता, संपलं. ३२.१९७ हा आकडा त्यात ठेवला की शेजारचा आकडा जिथे पडतो तिथपर्यंतचं अंतर एलओवर जवळजवळ दोन हर्ट्झ होतं. म्हणून एक पाऊल गिळतो आणि पुढच्याला दोन टाकतो. सगळं पूर्ण हर्ट्झमध्ये ठेवा, ८०,४९,२५,००० हा आकडा ३२ बिटच्या अनसाइन्डमध्ये आरामात मावतो, २५ मेगाहर्ट्झनं भागून बाकी काढा, ती बाकी छेदानं गुणताना तेवढं ६४ बिट वापरा. तुमच्या विद्यार्थ्यांना राउंडिंग एररचा धडा द्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळायचं नाही, कानानं ऐकू येतं!

प्रश्न (कोल्हापूर): मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो. ही चिप आणि कोड आपल्याला पटत नाही, सगळं आत, हाताला काही लागत नाही. ४०४६ ही आयसी वापरून जुन्या पद्धतीची पीएलएल करावी म्हणतो, १० हर्ट्झच्या स्टेपनं. जमेल का?

उत्तर: तुमचं म्हणणं मला पटतं हो, ४०४६ ची पीएलएल लॉक होताना मीटरचा काटा डुलत डुलत येऊन थांबतो ते बघण्यात जे सुख आहे ते कोडमध्ये नाही. पण १० हर्ट्झ सोडा. साध्या सिंगल लूपमध्ये व्होल्टेजवर सरकणारा ऑसिलेटर (व्हीसीओ) 'एन'नं भागून एका ठरलेल्या रेफरन्स फ्रिक्वेन्सीशी जुळवतात, म्हणून स्टेप म्हणजेच रेफरन्स. १० हर्ट्झची स्टेप हवी तर फेज डिटेक्टर सेकंदाला दहाच वेळा तुलना करणार, लूप फिल्टर त्याच्या दहा पट तरी खाली म्हणजे एक हर्ट्झच्या आसपास, म्हणजे डायल फिरवला की स्टेशन जागेवर यायला चहा करून आणावा. आणि तेवढ्या वेळात व्हीसीओ मोकाट, त्याला टोकणारं कोणी नाही. वर एन आला १६ लाख!

१ किलोहर्ट्झ रेफरन्स घ्या. १६.० ते १६.२ ला एन १६,००० ते १६,२०० येतो. त्यातही रेफरन्सच्या बाजूचा सगळा नॉइज २० लॉग एननं म्हणजे ८४ डीबीनं वर येतो, तेव्हा रेफरन्स आणि डिटेक्टरचा सप्लाय अगदी स्वच्छ ठेवावा लागेल. मधलं बारीक ट्यूनिंग रेफरन्सचा क्रिस्टल व्हेरिकॅपनं (व्होल्टेजनं बदलणाऱ्या कपॅसिटरनं) थोडा ओढून करायचं. त्याला किती ओढावं लागेल बघा: १६ मेगाहर्ट्झवर १ किलोहर्ट्झ म्हणजे ६२ पीपीएम (दहा लाखात ६२), क्रिस्टल तेवढा खुशीनं हलतो. बीएफओ वेगळ्या क्रिस्टलवर ठेवा म्हणजे तो सोबत हलणार नाही. ४०४६ मधला फक्त फेज डिटेक्टर वापरा. साध्या सीएमॉस ४०४६ चा व्हीसीओ एक-दीड मेगाहर्ट्झच्या पुढे दमतो, एचसी वाला १६ गाठेल पण त्याचा आरसी ऑसिलेटर रिसीव्हरला फार खरखरीत. व्हीसीओ वेगळा बांधा, जेएफईटी, टोरॉइडची कॉइल आणि व्हेरिकॅप, आणि तो पत्र्याच्या बंद डब्यात.

लूप फिल्टरला सिरॅमिक डिस्क कपॅसिटर अजिबात नको, पॉलिस्टर घ्या. माझ्या पहिल्या लूपमध्ये डिस्क होते. टेबलावर चहाचा कप ठेवला की स्टेशनमध्ये 'टण्ण' असा आवाज यायचा, मी आठवडाभर सुटं ग्राउंड शोधत होतो. सिरॅमिक धक्क्यानं व्होल्टेज देतं, ते थेट व्हेरिकॅपवर, आणि एलओ थरथरतो. पेन्सिलीनं एकेक पार्ट टकटक करत गेलो तेव्हा सापडलं.

प्रश्न (पुणे): ५३५१ चा फेज नॉइज फार वाईट असं सगळे म्हणतात. तापकीर गल्लीत दुकानदारानं एडी ९८५० या दुसऱ्या सिंथेसायझर चिपचं मॉड्यूल दाखवलं, बरंच महाग आहे. घेऊ का?

उत्तर: फेज नॉइज म्हणजे ऑसिलेटरच्या सुराभोवतीची खरखर. आधी बघू नडतो का. संध्याकाळी ७.२ च्या वर ब्रॉडकास्टवाले बसलेले असतात. त्यातला एक तुमच्या सिग्नल मीटरवर एस ९ च्या वर ४० डीबी आहे असं धरू, म्हणजे उणे ३३ डीबीएम (एका मिलिवॉटच्या ३३ डीबी खाली). एलओचा नॉइज मुद्दाम वाईट धरतो, तुमचा डायल त्या स्टेशनपासून जेवढा लांब तेवढ्या अंतरावर दर हर्ट्झला उणे १२० डीबी. २.४ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून त्यातला ३४ डीबी जास्त येतो. हिशेब: उणे ३३, उणे १२०, अधिक ३४, झाले उणे ११९ डीबीएम. तुमच्या बिल्डिंगमधले एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाईल चार्जर मिळून बँडवरचा कचरा एस ६ च्या खाली जात असेल तर नशीबवान आहात, आणि एस ६ म्हणजे उणे ९१. तुमचा सिंथेसायझर त्या कचऱ्याच्या २८ डीबी खाली बसलाय, तो कुणाला ऐकू येणार! शेतावर जाऊन लांबलचक डायपोल टाकलात, कचरा एस ३ वर आला आणि ब्रॉडकास्टवाला ६० डीबी वर गेला, तेव्हा मात्र ५३५१ उघडा पडेल.

९८५० ची पावलं बारीक, १२५ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ०.०२९ हर्ट्झ, आणि साइन वेव्ह मिळते. पण त्याचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग) १० बिटचा, मधेमधे बारीक बर्ड्या येतात, आणि चिप बऱ्यापैकी तापते. शिवाय बीएफओ वेगळा करावा लागेल. मी असतो तर त्या पैशात चांगले क्रिस्टल घेतले असते.

प्रश्न (जळगाव): सिंथेसायझर टाकल्यापासून थोड्या थोड्या अंतरावर घुर्रर्र असा रुंद आवाज येतो, तो स्थिरही नाही, सरकतो.

उत्तर: १२ व्होल्टचे ५ करायला ते एलएम २५९६ वालं निळं बक मॉड्यूल लावलंय ना? ते १५० किलोहर्ट्झच्या आसपास स्विच होतं, दर १५० ला एक हार्मोनिक, सत्तेचाळिसावी ७.०५० ला. काढा ते आणि ७८०५ लावा, हीटसिंकसकट. थोडी वीज वाया जाईल, जाऊ द्या. आणि डिस्प्ले सारखा रिफ्रेश करू नका, डायल हलला तरच करा, म्हणजे डिस्प्लेच्या आयस्क्वेअरसी तारांची किरकिरही बंद.

प्रश्न (रत्नागिरी): डायल चुकीचं दाखवतो. ७.२५० चं ब्रॉडकास्ट स्टेशन माझ्याकडे ७.२५०२ ला झीरो बीट होतं. एलओ, बीएफओ दोन्ही ५३५१ मधूनच.

उत्तर: दोन्ही एकाच क्रिस्टलवर असल्यामुळे तुमचं काम सोपं आहे. ७.२५०० भागिले ७.२५०२ गुणिले अडीच कोटी, आले २,४९,९९,३१०. क्रिस्टल २५ चा नसून एवढ्याचा आहे असं कोडला सांगा, संपलं. बीएफओ वेगळ्या क्रिस्टलचा असता तर हे एका ओळीत जमलं नसतं. क्रिस्टल जवळजवळ २८ पीपीएम मंद आहे, तेव्हा कोडमध्ये लोड कपॅसिटरची सेटिंगही बघा, ६, ८ किंवा १० पीएफ असते, १० असेल तर ८ करून बघा, वर सरकेल, मग आकडा परत काढा. अजून बारीक हवं असेल तर चीनचं बीपीएम हे टाइम सिग्नल स्टेशन १० मेगाहर्ट्झवर लावा, साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर, आणि ५३५१ चा एक क्लॉक १०.००० ला ठेवून त्याला वीतभर वायर लावून ती रेडिओजवळ सोडा. आवाजात लाटा येतील, हूंऽ हूंऽ अशा. सेकंदाला दहा लाटा म्हणजे एक पीपीएम, सेकंदाला एकपर्यंत आणलंत की बास. पण सेट चालू करून पंधरा मिनिटं तरी गरम होऊ द्या, आणि पंखा बंद करून मोजा.